हेल्मेट इंटरकॉम: खोक्यावरची दीड किलोमीटर रेंज ताम्हिणीत कुठे जाते?

हेल्मेट इंटरकॉमबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, "अरे, पण घाटात नेटवर्क नसतं, मग हा चालणार कसा?" उत्तर सोपं आहे. त्याला नेटवर्क लागतच नाही. हेल्मेटच्या डाव्या बाजूला चिकटवलेली ती साबणाच्या वडीएवढी डबी म्हणजे एक छोटा स्वतंत्र रेडिओ आहे. ती थेट मित्राच्या हेल्मेटवरच्या डबीशी बोलते. मध्ये सिम नाही, टॉवर नाही, डेटा पॅक नाही. (मोबाईल डेटावरून बोलायची सोयही काही कंपन्या ॲपमध्ये देतात. ती मात्र टॉवर गेला की जाते. विकत घेताना या दोन गोष्टींची गल्लत करू नका.)

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे: "खोक्यावर दीड किलोमीटर लिहिलंय, ते खरं का?" खरं आहे आणि नाहीही. मी दिवसभर कोड लिहितो आणि महिन्यातून एक-दोन रविवार पुण्याहून पाच-सहा जणांबरोबर बाइकवर कुठेतरी जातो. साधा ब्लूटूथ इंटरकॉम आणि मेश, दोन्ही वापरून झालेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ही वस्तू म्हणजे गप्पा मारायचं खेळणं नाही आणि हेल्मेटमधला फोनही नाही. "पुढे वाळू आहे" एवढं वाक्य मागच्यापर्यंत वेळेत पोचवणं, हे तिचं खरं काम. ते वाक्य नेमकं कुठे कुठे अडकतं, ते आज पाहू.

आत काय असतं

जवळपास सगळे हेल्मेट इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तुमचं वायफाय, इयरबड्स आणि घरचा मायक्रोवेव्हही तिथेच असतात. भारतात हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून सगळ्यांची गर्दी. एवढ्या गर्दीत ब्लूटूथ टिकतं कारण ते एका जागी थांबत नाही. ७९ चॅनेल्समध्ये ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. २००३ साली आलेल्या आवृत्तीपासून ज्या चॅनेलवर आधीच गोंधळ आहे तो टाळून उडी मारायची अक्कलही त्यात आली. त्यामुळे सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या बिल्डिंगमध्ये वीस वायफाय असले तरी सहसा काही बिघडत नाही.

एक अनुभव तुम्ही सगळ्यांनी घेतला असेल. इयरबड्सवर गाणं मस्त चालू असतं, मध्येच गेमचा माइक ऑन होतो आणि आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. कारण गाणी ऐकायला ब्लूटूथ एक पद्धत वापरतं, एटूडीपी. त्यात आवाज एकाच दिशेने जातो, त्यामुळे दर्जा चांगला ठेवता येतो. माइक लागला की एचएफपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर जावं लागतं. ती मुळात गाडीतल्या हँड्सफ्री कॉलसाठी बनलेली. जुन्या एचएफपीमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पलीकडे पोचत नाही. नव्यात १६००० नमुने असतात, तिथे बरंच बरं ऐकू येतं.

हे इंटरकॉमच्या लेखात कशाला? कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन इंटरकॉम जोडायची जी 'युनिव्हर्सल' सोय असते, ती याच एचएफपीवर उभी असते. तुमचा इंटरकॉम समोरच्याला सांगतो, "मी फोन आहे, कॉल आलाय, घे." समोरचा बिचारा फोन समजून कॉल घेतो आणि तुम्ही दोघं बोलू लागता. मला स्वतःला हा जुगाड फार आवडतो. पण त्याची किंमत म्हणजे तोच डब्यातला आवाज. शिवाय समोरच्याच्या डबीतली फोनसाठी राखलेली जागा यात अडकू शकते, मग त्याचं नेव्हिगेशन बंद.

साखळी आणि जाळं

दोनच बाइक असतील तर साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो. माझं स्पष्ट मत आहे की नवरा-बायको, दोन मित्र किंवा रायडर आणि मागे बसलेला यांनी मेशवर पैसे घालवायची गरज नाही.

खरी अडचण चौथ्या माणसापासून सुरू होते. ब्लूटूथ इंटरकॉममध्ये माणसं साखळीने जोडली जातात. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. पहिल्याचं वाक्य चौथ्यापर्यंत दुसरा आणि तिसरा पोचवतात, आषाढी वारीत पाण्याची बाटली हातोहात मागे जाते तशी. आता दुसरा पेट्रोलसाठी थांबला तर? साखळी तिथेच तुटते. पुढचा एकटा बोलत राहतो आणि मागच्या दोघांना वाटतं हा गप्प का झाला. पुन्हा जोडायचं तर बऱ्याचदा थांबून, हातमोजे काढून, बटणं दाबत बसावं लागतं.

मेशमध्ये ठरलेला क्रम नसतो. प्रत्येक डबी कानावर पडलेला संदेश पुढे ढकलते. मधला कुणी गेला तर आवाज दुसऱ्या वाटेने जातो आणि तो परत आला की आपोआप जाळ्यात येतो. कार्डोने २०१५ मध्ये पॅकटॉकमधून हे आणलं, सेनाचं ३०के त्यानंतर आलं. आता स्वस्त चिनी ब्रँड्समध्येही मेश मिळतं. पण मेश म्हणजे ब्लूटूथसारखं सगळ्यांचं सामायिक मानक नाही. साधारणपणे एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही. त्यामुळे "कोणता इंटरकॉम सगळ्यात भारी?" हा प्रश्नच मुळात चुकलेला आहे. "आपल्या ग्रुपमध्ये जास्त जणांकडे कोणता आहे?" हे आधी विचारा.

दीड किलोमीटर कुठे जातं

कार्डोच्या पॅकटॉक मालिकेसाठी कंपनी दोन रायडर्समध्ये १.६ किलोमीटर रेंज आणि एका ग्रुपमध्ये १५ जण असं सांगते. इतरांचे आकडे पुढे-मागे तेवढेच. हे आकडे मोकळ्या जागेतले असतात, दोन डब्या एकमेकींना 'दिसत' असतानाचे. सरळ, सपाट, दोन्हीकडे शेतं अशा रस्त्यावर तुम्ही त्याच्या बरेच जवळ जाल.

आता ताम्हिणी घ्या. मुळशी धरणाच्या कडेने जाऊन रस्ता माणगावकडे उतरायला लागतो. एका वळणावर पुढची बाइक तुमच्यापासून जेमतेम दोनशे मीटरवर असते, पण मध्ये काळ्या कातळाचा अख्खा दांड येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. एवढी आखूड लाट डोंगराला वळसा घालून जात नाही आणि कातळातून आरपारही जात नाही. शिवाय पाण्याला ती शोषू देते. ओलं झाड, पुढचा दुधाचा टँकर, आणि हो, तुमचं स्वतःचं डोकं. डबी डावीकडे आणि मित्र उजव्या वळणाच्या पलीकडे असेल तर सिग्नलला तुमच्याच डोक्यातून जावं लागतं. डोक्यात काही असो नसो, पाणी भरपूर असतं.

दुसरं गणित अंतराचं. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की सिग्नलची ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणून रेंज हळूहळू संपत नाही. "जरा खरखरतंय" आणि "गेला" यांत एखाद्याच वळणाचं अंतर असतं.

यातून मेश वापरणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट निघते आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते. घाटात मेशची रेंज ठरते ती ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या फटीवरून. सहा बाइक वळणावळणांवर पसरलेल्या असतील, प्रत्येकाला निदान पुढचा आणि मागचा दिसत असेल, तर पहिल्याचा आवाज पाच उड्या मारत सहाव्यापर्यंत जातो. मग पहिला आणि सहावा यांच्यात डोंगर असला तरी चालतं. पण तिसरा आणि चौथा यांच्यात दोन वळणांची फट पडली की एका ग्रुपचे दोन ग्रुप होतात. तेही आवाज न करता, कुणाला कळतही नाही. आम्ही यावर एक साधा नियम केलाय. प्रत्येकाने आरशात मागचा दिसत राहील इतपतच पुढे जायचं, तो दिसेनासा झाला की हळू व्हायचं. हा नियम इंटरकॉम यायच्या आधीपासूनचा आहे. मेशने त्याला नवं कारण दिलं इतकंच.

'वीकडे' म्हणजे कुठे?

सिग्नल पोचला तरी शब्द पोचेलच असं नाही. इथे वारा येतो.

हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, इंजिनचा वेगळा. माइकला तुमचा आवाज आणि वारा दोन्ही ऐकू येतात. मग इंटरकॉममधला प्रोसेसर दोन गोष्टी करतो. वाऱ्याची खालच्या सुरातली घरघर कमी करतो, आणि तुम्ही बोलत नसाल तेव्हा माइकचं दार बंद ठेवतो. तुम्ही बोलायला लागलात हे ओळखलं की दार उघडतं. ओळखायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात पहिलं अक्षर बाहेरच राहतं. ब्लूटूथवर 'बोललं की चालू' अशी सेटिंग असेल तर हे जास्तच होतं.

इंग्रजीत हे फारसं नडत नाही. मराठीत मात्र गंमत होते. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यांची शेपटी सारखीच आहे. फरक आहे तो सुरुवातीला, आणि नेमकी सुरुवातच कापली जाते. मागच्याला ऐकू येतं, "...वीकडे खड्डा!" आता काय करायचं? तेच आकड्यांचं. ८००० नमुन्यांच्या आवाजात 'स'चा सळसळाट बराचसा उडून जातो, कारण तो ४ किलोहर्ट्झच्या वर असतो. "साठने चल" आणि "आठने चल" यांत फरक फक्त त्या 'स'चा.

उपाय आपल्या भाषेतच आहे. वाक्य 'अरे'ने सुरू करा. "अरे, डावीकडे खड्डा." 'अरे' कापला जातो, दार उघडतं आणि कामाचा शब्द अख्खा पोचतो. आमच्यातले निम्मे 'लेफ्ट-राइट' म्हणतात, तेही ठीक, कारण सुरुवात कापली गेली तरी त्या दोन शब्दांत फरक उरतो. पण 'अरे' तरीही हवाच. एवढ्या महागड्या प्रोसेसरवर दोन अक्षरांचा उतारा निघावा, याचं मला इंजिनिअर म्हणून थोडं वाईट वाटतं, पण असो.

बाकी सुधारणा माइक लावण्यात आहेत. फुल-फेस हेल्मेटला वायरवाला छोटा माइक हनुवटीच्या आत, बरोबर ओठांसमोर चिकटवायचा. दांडीवाला माइक ओपन-फेस किंवा फ्लिप-अप हेल्मेटसाठी. बऱ्याच माइकवर एका बाजूला खूण किंवा बाण असतो, ती बाजू तोंडाकडे हवी. उलटा लागला तर तो इमानदारीत वारा रेकॉर्ड करतो. माइकवरचा स्पंज हरवला असेल तर नवा घ्या. हनुवटीखालचा कापडी पडदा लावला तर वारा खालून घुसत नाही. "आवाज येत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच सुटल्यात, फर्मवेअरपर्यंत जावंच लागलं नाही.

स्पीकरचंही तसंच. तो कानाच्या भोकासमोर हवा. बोटभर पुढे-मागे झाला की वरचे सूर गायब होतात आणि आपण व्हॉल्यूम वाढवत बसतो. हेल्मेट घालून बोटाने चाचपा, कानाचं मधलं टोक कुठे येतं ते बघा, मग चिकटवा. कानाला टोचतोय म्हणून आतलं थर्माकोल कोरायचं मात्र नाही. अपघातात डोकं वाचवतं ते तेच थर्माकोल. भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट विकणं बंधनकारक आहे, आणि तो शिक्का न कोरलेल्या हेल्मेटला दिलेला असतो. कानाजवळ स्पीकरसाठी खळगा असलेली हेल्मेट मिळतात, ती बघा.

कानाचा हिशोब

वाऱ्यावर मात करायला व्हॉल्यूम वाढवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास, ही मर्यादा धरते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. तुमचा वाराच तिथपर्यंत पोचलेला असतो. त्याच्यावर गाणं ऐकू यायला ते अजून मोठं लावावं लागतं. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे चारेक तास. हिशोब तुम्हीच करा.

लांबच्या राइडला मी फोमचे इयरप्लग घालतो. ऐकायला उलटं वाटतं, पण प्लग घातल्यावर इंटरकॉम उलट स्पष्ट ऐकू येतो. वारा दबतो, कान बधिर होत नाहीत आणि शब्द वेगळे कळतात. ट्रकचा हॉर्न प्लगमधूनही व्यवस्थित ऐकू येतो, त्याची काळजी करू नका. शहरात मात्र मी प्लग घालत नाही, तिथे वेग कमी आणि मागून येणारी रिक्षा महत्त्वाची.

इथेच एक गोष्ट. हेल्मेटमधला स्पीकर कानाच्या बाहेर असतो, कान उघडाच राहतो. कानात खुपसलेले इयरबड्स, तेही नॉइज कॅन्सलिंग चालू असलेले, म्हणजे वेगळा मामला आहे. कुणी "तेच ना ते" म्हणालं तर ऐकू नका.

फोन कॉल आणि इंटरकॉम, एकच स्पीकर पण

२००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी गाडी चालवल्यासारखं काम लोकांना प्रयोगशाळेत करायला लावलं आणि त्याच वेळी फोनवर बोलायला सांगितलं. बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकायचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं आणि प्रतिक्रियेला उशीर लागला. महत्त्वाचं म्हणजे फोन हातात धरलेला असो की हँड्सफ्री, फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे अडचण हाताची नव्हती, संभाषणात गुंतलेल्या डोक्याची होती.

पुढे २००८ मध्ये स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यांची तुलना केली. शेजारचा कमी त्रासदायक ठरला. तो समोरचा रस्ता बघत असतो. गर्दी वाढली की तो गप्प होतो, किंवा रस्त्याबद्दलच बोलतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोर एसटी आडवी आलीय हे कळत नाही, तो ऑफिसच्या बिलाचं विचारतच राहतो.

हे प्रयोग मोटारीचे आहेत, बाइकचे नाहीत. पण मला त्यातून इंटरकॉमचं नीट उत्तर मिळतं. पुढच्या बाइकवरचा मित्र हा शेजारी बसलेल्या माणसासारखा आहे, तोच रस्ता, तोच पाऊस. आईचा कॉल तसा नाही. ताशी ६० ला तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाता. "हो आई, जेवलो" या वाक्यात तीस-चाळीस मीटर निघून जातात. म्हणून माझ्या इंटरकॉममध्ये 'कॉल आपोआप उचला' ही सेटिंग बंद आहे. बऱ्याच मॉडेल्समध्ये ती आधीपासून चालू येते, ॲपमध्ये जाऊन बघा. कॉल वाजू द्यायचा, चहाच्या टपरीवर परत करायचा. आणि मित्र सोबत आहेत म्हणून घाट उतरताना मॅचचा वाद घालायचा नाही. वळणं संपेपर्यंत फक्त रस्त्याचं बोलणं.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगच्या उदाहरणांत 'हातात धरायची' संपर्क उपकरणं वापरणं आलंय. हेल्मेटला बसवलेली डबी हातात नसते. पण चौकात पोलिसाने थांबवलं तर डबी दाखवून शांतपणे सांगा, हुज्जत घालू नका. फोन गालाशी हेल्मेटमध्ये खुपसलेला असेल तर मात्र बोलायला तोंड नाही.

पावसात

आपल्याकडे राइडचा सीझन म्हणजे पावसाळा, त्यामुळे खोक्यावरचा आयपी आकडा रेंजच्या आकड्याहून आधी वाचा. आयपी ६७ मधला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. आयपी ५४ मधला ४ म्हणजे फक्त शिंतोडे. घाटात तोंडावर येणारा पाऊस शिंतोडे नसतो. आणि हे आकडे चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बंद असतानाचे. भिजलेली डबी घरी आल्या आल्या चार्जरला लावू नका, आधी पुसून भोक पूर्ण सुकू द्या.

आणि ग्रुप जोडायचं काम निघायच्या आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये करा. सगळ्यांचं फर्मवेअर एकाच आवृत्तीवर आणा, सगळ्या डब्या एकदा मेशमध्ये घ्या, एकाची बंद करून परत चालू करा आणि ती आपोआप येते का बघा. सहा जणांना अर्धा तास लागतो. सकाळी सहाला चांदणी चौकात हेच करायला घेतलं तर पाऊण तास जातो आणि मुळशीची मिसळ संपलेली असते.